मोदक नांवाचें अक्षर

कारंज्याहून एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या चिरंजिवाची मुंज येत्या वैशाखांत ठरली असून निमंत्रणपत्रिका छापावयाची आहे. छापखान्यांत नमुने पाहतांना त्यांच्या दृष्टीस एक फार जाड, गोल, गुबगुबीत अक्षर पडलें. आठ वर्षांच्या बटूचें नांव त्या अक्षरांत पाहून त्यांस इतकें हसूं आलें कीं तेंच पक्कें करावें असें त्यांनीं तेथेंच ठरविलें. घरीं आल्यावर सासूबाईंनीं नमुना हातांत घेतला आणि म्हणाल्या, "मुंज आहे कीं जत्रा?" तेव्हांपासून पत्रिकेचें काम अडून बसलें आहे. दोघींचें म्हणणें ऐकून आम्हीं निकाल द्यावा, अशी त्यांची इच्छा आहे. आम्ही पडलों निवृत्त शाळामास्तर. भांडणें तोडण्याची संवय अद्याप सुटलेली नाहीं, म्हणून हें काम आम्हीं आनंदानें पत्करलें. मात्र निकालापूर्वीं आरोपी कोण, त्याचें कुलशील काय, हें पाहिलें पाहिजे. म्हणून या महिन्यांत आमच्या सदरांत अक्षराच्या रूपाविषयीं चार गोष्टी बोलण्याचें योजिलें आहे.

पत्रासोबत आलेला नमुना पाहतांच आम्हीं अक्षर ओळखलें. त्याचें नांव 'मोदक'. मुंबईंत 'एक टाइप' या नांवाचा अक्षरकारांचा एक गट आहे. त्यांतील सारंग कुळकर्णी व मैथिली शिंगरे यांनीं या फाँटाचीं देवनागरी अक्षरें रेखाटलीं आणि रोमन अक्षरें नूपुर दात्ये यांनीं. सन २०१५ च्या सुमारास तो गूगलच्या संग्रहांतून सर्वांस विनामूल्य मिळूं लागला आणि पाहतां पाहतां मिठाईच्या खोक्यांवर, गणेशोत्सवाच्या फलकांवर, मुलांच्या खाऊच्या पुड्यांवर असलीं अक्षरें दिसूं लागलीं.

नांव उगीच ठेवलेलें नाहीं. उकडीच्या मोदकांत सारण दाबून भरावें, इतकें कीं पारी आतां फुटते कीं मग असें वाटावें, तसें हें अक्षर आंतून फुगलेलें आहे. सामान्य अक्षरांत काळी रेघ आणि तिच्या पोटांतली पांढरी जागा यांचा संसार समजुतीनें चाललेला असतो. 'व' च्या पोटांत एक पांढरा थेंब, 'म' च्या बगलेंत एक पांढरी गल्ली, 'ळ' मध्यें दोन पांढऱ्या वाट्या. मोदकांत काळी बाजू इतकी माजली आहे कीं पांढऱ्या जागेची केवळ बारीक चीर उरली आहे. जणु पिठाच्या गोळ्यावर कोणी नखानें रेघ ओढली. गंमत ही कीं तेवढ्या चिरेवरून डोळा अक्षर ओळखतो. टोक म्हणून कोठें सांपडावयाचें नाहीं. सारे कोपरे गोल. शिरोरेघसुद्धां काठीसारखी न दिसतां लोडासारखी दिसते, आणि तिच्यावर मात्रा व वेलांट्या टेकून बसलेल्या. अशा अक्षराकडे पाहून मुलांस हसूं येतें यांत नवल नाहीं. मोठ्यांसही येतें, तीं फक्त कबूल करीत नाहींत.

जाड अक्षर काढणें सोपें, रेघ जाड केली कीं झालें, असें पुष्कळांस वाटतें. इंग्रजीसारख्या लिपींत तें कांहीं अंशीं खरें असेल, कारण तेथें एकामागून एक अक्षर सुटें उभें राहतें. आपलें अक्षर एकटें कोठें असतें? डोक्यावर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार. पायाशीं उकार आणि ऋकार. आणि पोटाशीं चिकटलेला जोडीदार निराळाच. 'विद्यार्थ्यांनीं' हा आमच्या नित्य परिचयाचा शब्द घ्या. त्यांतल्या एका 'र्थ्यां' मध्यें अर्धा 'थ', 'य', काना, रफार आणि अनुस्वार एवढी मंडळी एका खोलींत राहतात. प्रत्येकाचें वजन दुप्पट केलें तरी खोली तेवढीच. तेव्हां कोणास तरी अंग चोरून बसावें लागतें. कोणीं, कोठें आणि किती अंग चोरावें हें ठरविण्यांतच अक्षरकाराचें खरें कौशल्य आहे. तें एका मापानें होत नाहीं. 'क्ष' चा संसार निराळा, 'ष्ट' चा निराळा, 'द्ध' चा त्याहून निराळा. प्रत्येकाचा स्वतंत्र मांडावा लागतो. मोदकाकडे पाहून हसणारानें एकदां त्यांतलीं जोडाक्षरें पाहावींत, म्हणजे हसण्याबरोबर आदरही वाटूं लागेल.

वाशिमास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें फ्लेक्स छापण्याचें दुकान आहे. त्याच्या संगणकावर आम्हीं या अक्षराची थोडी परीक्षा घेतली. प्रथम 'वाशिम' लिहविलें. तें एका ताटांत शेजारी शेजारी लाडू ठेवावे तसें गोजिरवाणें दिसलें. मग या गांवाचें प्राचीन नांव 'वत्सगुल्म' लिहविलें. पडद्यावर तें वीतभर होतें तोंवर छान दिसलें. परंतु पाकिटावरील पत्त्याएवढें लहान करतांच 'त्स' आणि 'ल्म' यांमधल्या चिरा मिटल्या. ज्यास तें नांव आधींच ठाऊक आहे त्यानेंच तें वाचावें, अशी त्याची गत झाली. त्यानंतर 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' या जोड्या मांडल्या. या जोड्यांत भेद तो केवढा! एकाच्या माथ्यावरची शिरोरेघ तुटलेली, दुसऱ्याची अखंड. मोठ्या आकारांत तेवढा भेद अक्षरकारानें नीट राखलेला आहे, परंतु लहान आकारांत तो केसाएवढा उरतो. मग 'धन' कीं 'घन', 'भात' कीं 'मात', हें वाक्यावरून ताडावें लागतें. यावरून आम्हीं आपल्यापुरता एक दंडक केला: मोदक वापरावयाचा तर तीन-चार शब्दांपुढें जाऊं नये, आणि कागदावर त्याची उंची बोटाच्या पेराहून कमी ठेवूं नये. परिच्छेदच्या परिच्छेद त्या अक्षरांत छापणें म्हणजे जेवणांत भात, भाजी, आमटी सगळ्यांच्या जागीं मोदकच वाढणें. पहिल्या चारांपर्यंत मौज वाटेल.

त्याच गटाचा 'बलू' नांवाचा दुसरा एक फाँट २०१६ सालीं आला. तोही जाड, गोल आणि खेळकर. परंतु मोदकासारखा तुडुंब भरलेला नाहीं. त्याच्या पोटांत थोडी हवा आहे, म्हणून तो लहान आकारांतही तग धरतो. नांव अस्वलाचें. किपलिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक' मध्यें लांडग्यांच्या पिलांस व मोगलीस जंगलाचा कायदा शिकविणारें जें म्हातारें अस्वल आहे, त्याचेंही नांव हेंच. म्हणजे तें आमच्याच व्यवसायांतलें. त्या कथांचें रान शिवनीकडचें. आणि १९०३ सालानंतर शिवनी व आपलें वऱ्हाड कित्येक वर्षें एकाच प्रांताच्या कारभाराखालीं नांदलीं, तेव्हां तें अस्वल आपल्या जुन्या प्रांतांतलें म्हणावयास हरकत नाहीं.

या बलूची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. त्यानें एकट्या देवनागरीवर समाधान मानलें नाहीं. इतर भारतीय लिपींत त्याचीं भावंडें काढलेलीं आहेत आणि प्रत्येकाच्या नांवांत त्या त्या भाषेंतला भाऊ बसविला आहे. गुजरातींत 'बलू भाई', बंगालींत 'बलू दा', गुरुमुखींत 'बलू पाजी', ओडियांत 'बलू भाइना', मलयाळमांत 'बलू चेट्टन', कन्नडांत 'बलू तम्मा', तमिळांत 'बलू तंबी', तेलुगूंत 'बलू तम्मुडु' आणि उर्दूंत 'बलू भाईजान'. यांतले दा, भाइना, चेट्टन हे वडील बंधु. तम्मा, तंबी, तम्मुडु हे धाकटे. भाई आणि भाइना यांच्या पोटांत 'भ्रातृ' दडलेला आहे, हें आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस सांगावयास नको. देवनागरीच्या वाट्यास मात्र नुसतें 'बलू' आलें. 'बलू दादा' म्हटलें असतें तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें. पण 'दा' बंगाल्यांनीं आधींच उचलून नेला. पुढें 'बलू २' या नांवानें त्याच्या साध्यापासून अतिजाडापर्यंत पांच जाड्या उपलब्ध झाल्या, तेव्हां आतां अस्वल हडकुळें हवें कीं लठ्ठ, हेंही घेणारास निवडतां येतें.

हे दोन्ही फाँट खुल्या परवान्याखालीं दिलेले आहेत. कोणींही उतरवून घ्यावे, छापावे, त्यांत फेरफारसुद्धां करावे. नुसता फाँटच विकून पैसे करणें तेवढें मना आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं असें नव्हतें. खिळे वजनावर विकत घ्यावे लागत. लहान छापखान्याजवळ दोन-तीन तऱ्हांचीं अक्षरें असलीं कीं पुष्कळ झालें. त्यांतच लग्नपत्रिका, त्यांतच हिशेबाचीं बिलें, त्यांतच नाटकाच्या जाहिराती. निवड करण्याचा प्रश्नच गरिबीमुळें उद्भवत नसे. आतां अक्षरें फुकट झालीं आणि निवडीचा भार आपल्या घरांत येऊन पडला. कारंज्याच्या सासूसुनांचा वाद हा त्या सुबत्तेचाच वाद आहे.

हें विलायती खूळ आहे, असा सासूबाईंचा एक आक्षेप पत्रांत नमूद आहे. तो अर्धा खरा आहे. असल्या जाडगोल अक्षराचा तिकडचा प्रसिद्ध पूर्वज म्हणजे शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यानें १९२२ सालीं काढलेला 'कूपर ब्लॅक'. जाहिरातवाल्यांस तो इतका मानवला कीं शंभर वर्षें उलटलीं तरी दुकानांच्या पाट्यांवरून तो उतरलेला नाहीं. पण अक्षराचें टोक गोल असणें, ही गोष्ट आपल्याकडे शिकागोहून आलेली नाहीं. बोरूचें टोक तिरपें छाटलेलें असतें. म्हणून बोरूची रेघ एका दिशेस जाड आणि दुसऱ्या दिशेस बारीक उतरते. कारंज्याच्या जैन भांडारांतील पोथ्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस तें ठसठशीत अक्षर आठवेल. पुढें जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या ज्या खिळ्यांनीं छापलेल्या काव्यनाटकांवर आमच्यासारख्यांचें संस्कृत वाढलें, ते खिळेही त्या बोरूचेच वंशज. परंतु बोरू हातीं येण्यापूर्वीं पूर्वीचें मूल काय करीत असे? पाटीवर धूळ पसरून तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढीत असे. 'धुळाक्षरें' हा शब्द त्यावरूनच आला. बोटाची रेघ सर्वत्र सारखी जाड, आणि तिचीं दोन्ही टोकें गोल. अंगणांतल्या रांगोळीची रेघही बहुधा तशीच. बोरूचें अक्षर शिकलेल्या हाताचें, तर गोल टोकाचें अक्षर शिकणाऱ्या बोटाचें. सासूबाईंनीं स्वतः दारापुढें जें 'सुस्वागतम्' रांगोळीनें काढलें असेल, तें एकदां जवळ जाऊन पाहावें.

आणि अक्षर नटविण्याचें म्हणाल तर आमच्या वाशिमानें तें सोळाशें वर्षांपूर्वीं करून ठेवलें आहे. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेंतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशिमासच उजेडांत आला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासामुळें तो विद्वानांस सुपरिचित झाला. राजाच्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं केलेल्या भूमिदानाचा तो लेख. राजवंशाचें वर्णन संस्कृतांत आणि दानाचा तपशील प्राकृतांत. वाकाटकांच्या ताम्रपटांवर सामान्यतः जी लिपि आढळते तिला अभ्यासक 'पेटिकाशीर्षक' म्हणतात, कारण तींत अक्षराच्या माथ्यावर एक इवलीशी चौकोनी पेटी असते. ही पेटी उच्चारास लागत नाहीं, अर्थास लागत नाहीं. ती केवळ शोभेसाठीं. तांब्याच्या पत्र्यावर अक्षराअक्षरास ती पेटी कोरीत बसणाऱ्या कारागिराच्या मानेचें काय झालें असेल, तें तोच जाणे! तेव्हां अक्षर नटवूं नये, तें केवळ वाचण्यापुरतें असावें, हें म्हणणें तरी आपल्या गांवच्या परंपरेस धरून नाहीं.

परंतु त्या पेटीकडे पुन्हां एकदां पाहावें. लेख राजाज्ञेचा, पुढच्या राजांनीं व अधिकाऱ्यांनीं तो मानावयाचा. पेटी लहान आहे, सर्वत्र एका घाटाची आहे, ती अक्षरास रुबाब देते आणि बाजूस उभी राहते. ती कोणास हसवीत नाहीं. मोदक हसवितो. दोन्ही अलंकारच; एक सभेंत बसण्याचा, दुसरा अंगणांत खेळण्याचा. काश्मीरचा क्षेमेन्द्र अकराव्या शतकांत होऊन गेला. त्यानें 'औचित्यविचारचर्चा' या नांवाचा एक लहानसा ग्रंथ केवळ या विषयावर लिहिला. अलंकार आपल्या जागीं असेल तरच तो शोभतो. कमरेचा दागिना गळ्यांत घातला तर पाहणारे हसतात, असा त्याचा आशय आहे. त्यानें हें काव्यास लाविलें. आपण अक्षरास लावून पाहावें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या आळींतील एक वृद्ध माउली निवर्तल्या. तिसऱ्या दिवशीं चौकांत फलक लागला. वर त्यांचा फोटो, दोन तारखा, आणि खालीं 'भावपूर्ण श्रद्धांजलि' हीं अक्षरें अशींच फुगलेलीं, लाल रंगाचीं, त्यांस पिवळी किनार. ज्यानें फलक केला त्यानें आदल्या आठवड्यांतील एका वाढदिवसाच्या फलकावरचा मजकूर काढून त्याच सांच्यांत हा भरला होता. समाचारासाठीं त्यांच्या धाकट्या बहीण रिसोडहून आल्या. त्यांची दृष्टि अधू. चौकांतून घराकडे वळतांना त्यांनीं लांबून फलक पाहिला आणि हात धरून चालणाऱ्या नातवास विचारलें, "कोणाचें बारसें रे?" नातवास वाचतां येत होतें. तो कांहीं बोलला नाहीं.

ज्यांस वाचतां येत नाहीं, किंवा ज्यांची नजर गेली आहे, त्यांस अक्षराचा अर्थ कळत नाहीं. पण अक्षराचा चेहरा त्यांस दिसतो, आणि आपल्या अगोदर दिसतो. घरांत शोक आहे कीं सोहळा, हें लांबून सांगण्याचें काम त्या चेहऱ्याचें. गांवांतले सारेच फलक जर एकाच गुबगुबीत अक्षरांत बोलूं लागले, तर तो चेहरा कांहींच सांगेनासा होतो. मग मोदकाच्या अंगीं जो हसविण्याचा गुण आहे, तोही जातो. पाण्याच्या नळाची सूचना, लसीकरणाची तारीख, निवडणुकीची नोटीस, निधनाची वार्ता, यांपासून हें अक्षर दूर ठेवण्यांत त्याचेंच हित आहे, असें आमचें मत आहे.

आतां कारंज्याचा निकाल. मुंज हा संस्कार आहे, ही सासूबाईंची बाजू. मुंज आठ वर्षांच्या मुलाची आहे, ही सूनबाईंची बाजू. दोघीही खऱ्या आहेत आणि पत्रिका चांगली चार पानांची आहे, तेव्हां भांडण्याचें कारण नाहीं. श्रीगणेशवंदन, कुलदेवतेचें स्मरण, मुहूर्त, स्थळ आणि निमंत्रकांचीं नांवें हीं साध्या, सडपातळ, सुवाच्य अक्षरांत असावीं. मुहूर्ताचे आंकडे तर विशेष काळजीनें. जाड अक्षरांत १ आणि ९ यांचा घोटाळा होऊन मामेमंडळी चुकीच्या वेळीं पोंचलीं तर त्याचें उत्तर कोणी द्यावयाचें? परंतु मुंजीच्या सकाळीं एक प्रसंग सर्वस्वीं त्या मुलाचा असतो, तो मातृभोजनाचा. आईच्या ताटांत बसून तो जेवतो, आणि त्यानंतर त्याचें बाळपण संपलें असें मानण्याची चाल आहे. पत्रिकेच्या आंतल्या पानावर बटूचें घरांतलें लाडकें नांव आणि 'मातृभोजन' हा शब्द मोदकांत छापावा. तेथें तें अक्षर आपल्या घरीं आहे. पत्रिकेच्या मुखपृष्ठावर मात्र बटूचें पूर्ण नांव साध्या अक्षरांतच असूं द्यावें. गायत्रीचा अधिकार मिळणाऱ्या मुलास एवढा मान दिला पाहिजे. सूनबाईंस हें थोडें कमी वाटेल आणि सासूबाईंस थोडें अधिक वाटेल, यावरून निकाल बरोबर असावा असें आम्ही समजतों.

मुलांच्या पुस्तकांविषयीं आणखी दोन पत्रांत विचारणा आहे, म्हणून तेंही येथेंच सांगतों. गोष्टीच्या पुस्तकाचें नांव, बालवाडीच्या भिंतीवरील 'या, बसा', वाढदिवसाचा तोरण-कागद, खेळण्याचें खोकें, या ठिकाणीं हें अक्षर अवश्य असावें. अक्षर आपल्याशीं खेळावयास आलें आहे असें मुलास वाटणें, ही वाचनाची अर्धी दीक्षा आहे. परंतु ज्या पुस्तकावरून मूल प्रथम अक्षर गिरवितें, त्यांत मोदक नको. गिरवितांना पेन्सिल कोठें टेकावी, कोणत्या बाजूस वळवावी, कोठें उचलावी, हें रेघेनें सांगावें लागतें. मोदकांत रेघच नाहीं. तेथें सारा पिंडच आहे. मूल त्याची बाह्याकृति काढूं लागतें आणि अक्षराऐवजीं ढगाचें चित्र काढतें. बलूचें सडपातळ रूप त्या मानानें पुष्कळ बरें. दुसरी गोष्ट, 'ल' आणि 'श' यांकडे पालकांनीं लक्ष द्यावें. मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठीसाठीं हींच रूपें प्रमाण ठरविलीं. पुष्कळ फाँटांत मराठी व हिंदी दोन्ही वळणें भरलेलीं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असें संगणकास सांगितलें तरच मराठी वळण पुढें येतें. तें सांगावयास छापणारा विसरतो, आणि घरीं आजोबा एक 'ल' शिकवितात तर भिंतीवरचें चित्र दुसरा.

हातानें पाटी रंगविणारे पेंटर आतां वाशिमांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्याजवळ हा विचार न शिकवितां होता. दवाखान्याची पाटी, रसवंतीची पाटी, मंगल कार्यालयाची कमान, यांचीं अक्षरें त्यांच्या कुंचल्यांतून आपोआप निराळीं उतरत. या विद्येचे मराठींतले थोर पुरुष कमल शेडगे २०२० सालीं निवर्तले. नाटकाच्या जाहिरातींतलें त्यांचें नुसतें नांवाचें अक्षर पाहून नाटक ऐतिहासिक कीं विनोदी, हें तिकीट काढणारास कळत असे. एकेका नांवासाठीं तें एकदांच काढलेलें अक्षर. फाँटाचें तसें नाहीं. तो एकदां काढला कीं हजारों हातांत जातो, आणि त्या हातांस काय योग्य वाटेल यावर अक्षरकाराचा कांहीं ताबा राहत नाहीं.

हें सारें आम्हीं आमच्या त्या फ्लेक्सवाल्या विद्यार्थ्यास ऐकविलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचं खरं आहे, पण गिऱ्हाईक चौरस फुटावर पैसे देते. अक्षर बारीक टाकलं अन् बाजूला जागा मोकळी सोडली, कीं त्याले वाटते आपले पैसे वाया गेले. जाड अक्षरानं फलक भरला कीं तो खूष." हा विचार क्षेमेन्द्रास सुचण्याचें कारण नव्हतें, त्याच्या काळीं भूर्जपत्र चौरस फुटावर विकत असल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. शेवटीं आम्हीं दोघांनीं मिळून श्रद्धांजलीच्या फलकाचे दोन नमुने तयार केले आणि दुकानांत समोरासमोर टांगले. एक नेहमींचा भरगच्च, आणि दुसऱ्यांत फोटो, नांव, दोन तारखा, अक्षर सडपातळ, सभोंवतीं पांढरी जागा. दोन महिने सगळीं गिऱ्हाइकें भरगच्चाकडेच बोट दाखवीत होतीं. गेल्या आठवड्यांत एका गृहस्थांनीं आपल्या वडिलांसाठीं दुसरा नमुना निवडला, बराच वेळ त्याकडे पाहत उभे राहिले, आणि पैसे देतांना रिकाम्या जागेचे कांहीं कमी करा म्हणून घासाघीस केली.